बदकाचे काय झाले?

शास्त्रपाठ : मार्क १०:४६-५२, १ करिंथ १४:६-१२, मत्तय १२:३८-४१



मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या रविवार शाळेची अकरा मुले गायनाच्या सरावासाठी आमच्या घरी जमली होती. पेटी वाजवणाऱ्या बंधूंची बस चुकली होती, आणि ते येईपर्यंत मुलांची चुळबूळ थांबेना. त्यांना एका जागी बसवावे एवढ्याच हेतूने आम्ही टीव्ही लावला. काही शिकवावे, बोध करावा, असे त्या वेळी आमच्या मनात नव्हते, हे आरंभीच कबूल करतो.

पडद्यावर परदेशातल्या एका सभागृहात मुलांसाठी वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालला होता. वादक अर्धवर्तुळात बसले होते. मध्ये संचालक हातात छडी घेऊन उभे, आणि त्यांच्या शेजारी उंच स्टुलावर एक पिकल्या केसांच्या बाई निवेदन करीत होत्या. निवेदन इंग्रजीत होते. आमची मुले सीमाभागातली. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि इंग्रजी परीक्षेपुरते. म्हणून बाई दोन वाक्ये बोलल्या की आम्ही त्यांचे मराठी करून सांगत होतो. असे करता करता नहेम्याच्या आठव्या अध्यायाची आठवण झाली. पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा नियमशास्त्र वाचीत होता आणि लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ समजावून देत होते. पण थोड्याच वेळात आमच्या ध्यानात आले की, आमच्या भाषांतराची मुलांना फारशी गरज उरली नव्हती. ती दुसऱ्याच एका मार्गाने गोष्ट समजून घेत होती.

ती गोष्ट होती रशियन संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह यांची ‘पीटर आणि लांडगा’. १९३६ साली मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी त्यांनी ती रचली. शब्दही त्यांचेच आणि संगीतही त्यांचेच. वाद्यवृंदातली वाद्ये मुलांना ओळखता यावीत हा तिचा हेतू. वाजवायला अर्धा तासही लागत नाही. जगभर मुलांसाठी ती अजूनही वाजवली जाते.

गोष्ट सांगण्याआधी निवेदिकाबाईंनी एकेका वादकाला त्याचे वाद्य वाजवून दाखवायला सांगितले. रचनाकाराचीच तशी योजना आहे. बासरी म्हणजे पाखरू. ओबो म्हणजे बदक. हे वाद्य आपल्या सनईसारखे पातीचे, थोडे नाकात बोलणारे. क्लॅरिनेट म्हणजे दबकत चालणारी मांजर. बासून नावाचे लांबलचक, खर्जातले वाद्य म्हणजे आजोबा. तीन फ्रेंच हॉर्न मिळून लांडगा. नगाऱ्यांचा आणि मोठ्या ढोलाचा दणका म्हणजे शिकाऱ्यांच्या बंदुका. आणि पीटर हा मुलगा म्हणजे व्हायोलिन व तिच्या घरातली सारी तारांची वाद्ये. प्रत्येकाची ओळख झाल्यावरच गोष्ट सुरू झाली.

गोष्ट साधी आहे. पीटर सकाळी फाटक उघडून कुरणात जातो. फाटक तो उघडेच टाकतो, म्हणून मागोमाग बदक बाहेर येते आणि तळ्यात पोहू लागते. पाखराचे आणि बदकाचे भांडण होते. मांजर पाखरावर टपते; पीटर ओरडून त्याला सावध करतो. मग आजोबा येतात, रागावतात, लांडगा आला तर काय करशील असे विचारतात, आणि पीटरला आत नेऊन फाटकाला कुलूप लावतात. तेवढ्यात रानातून खरोखरच लांडगा येतो. मांजर झाडावर चढते. बदक मात्र घाबरून तळ्याबाहेर उडी घेते, आणि लांडगा धावून त्याला एका घासात गिळतो. पीटर दोर घेऊन भिंतीवरून झाडावर चढतो. पाखरू लांडग्याच्या तोंडाभोवती घिरट्या घालून त्याला भुलवते आणि पीटर फास टाकून त्याची शेपटी पकडतो. शिकारी बंदुका झाडीत येतात. पीटर म्हणतो, मारू नका, याला प्राणिसंग्रहालयात नेऊ. मग थाटाची मिरवणूक निघते. पुढे पीटर, मागे लांडग्याला घेऊन शिकारी, शेवटी आजोबा आणि मांजर, आणि वरून पाखरू.

मुले टाळ्या वाजवू लागली होती. तेवढ्यात पडद्यावरच्या बाईंनी बोट ओठांवर ठेवले. वाद्यवृंद हळू झाला, आणि कुठून तरी खोलवरून ओबोचा बारीक आवाज आला. बाईंनी सांगितले की, नीट ऐकलेत तर लांडग्याच्या पोटात बदक ओरडताना ऐकू येईल, कारण घाईत त्याने ते जिवंतच गिळले होते. लगेच मोठा गजर झाला आणि गोष्ट संपली.

सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. आमच्या पुढ्यात बसलेली सहा-सात वर्षांची मुलगी मात्र हसली नाही. ती मागे वळून म्हणाली, “सर, मग बदकाचं काय झालं?”

आम्ही म्हणालो, “अगं, गोष्ट आहे ती. संपली.”

ती म्हणाली, “पण ते ओरडतंय ना? मग कुणी थांबत का नाही?”

तेवढ्यात पेटीवाले बंधू आले, सराव सुरू झाला आणि तो प्रश्न तसाच राहिला. पण रात्री तो आमच्याबरोबर अंथरुणावर आला. आज त्या प्रश्नाविषयीच आपणांशी बोलायचे आहे.

१. आवाज आधी ओळखावा लागतो

त्या मुलीला इंग्रजी येत नव्हते. आमचे मराठी होण्यापूर्वीच तिने शेवटचा आवाज ओळखला होता. का? कारण गोष्टीच्या आरंभी ओबो कसा बोलतो ते तिने शांतपणे ऐकून घेतले होते. ती ओळख नसती, तर शेवटचा तो बारीक सूर गजरात विरून गेला असता. बदक आत आहे आणि जिवंत आहे, हे तिला कळलेच नसते.

प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला वाद्यांचाच दाखला देतो. पावा काय किंवा वीणा काय, त्यांच्या नादात फरक नसेल तर काय वाजत आहे हे कोणाला कळणार, असे तो विचारतो. आणि कर्ण्याचा सूर अस्पष्ट असेल तर लढाईला कोण सज्ज होईल, असेही विचारतो. सहसा हा उतारा आपण बोलणाऱ्यांना लावतो : उपदेशकाने स्पष्ट बोलावे, शिक्षकाने समजेल असे शिकवावे. ते योग्यच आहे. पण याच परिच्छेदात पौल ऐकणाऱ्याचीही बाजू सांगतो. जगात नाना प्रकारच्या वाणी आहेत आणि एकही अर्थावाचून नाही. मात्र ती मला समजली नाही, तर बोलणारा मला परका आणि मी त्याला परका. म्हणजे परकेपणा दोन्हीकडून असतो. मूल बोलत असते; त्याचा आवाज आम्ही शिकलेलो नसतो.

मुलांसाठी दूरचित्रवाणीवर असे कार्यक्रम करणाऱ्यांमध्ये लिओनार्ड बर्नस्टाईन यांचे नाव मोठे आहे. न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर १९५८ ते १९७२ या काळात त्यांनी मुलांसाठी असे ५३ कार्यक्रम केले. पहिल्या कार्यक्रमाचा विषयच होता, संगीताचा अर्थ काय. मोठा संचालक, मोठे सभागृह, आणि समोर मुले. तरी ते मुलांशी असे बोलत की जणू त्यांच्याशी बोलण्यापेक्षा महत्त्वाचे दुसरे काम त्यांना नव्हते. त्यांची रीत अशी की थोडे बोलायचे, मग बाजूला होऊन वाद्याला बोलू द्यायचे. आम्हां रविवार शाळेच्या शिक्षकांना ही रीत शिकण्यासारखी आहे. पाऊण तासाच्या वर्गात चाळीस मिनिटे आम्हीच बोलतो. सुवर्णवचन पाठ करून घेतो, हजेरी घेतो, वर्गणीची पेटी फिरवतो. वर्ग सुटतो, आणि तिसऱ्या रांगेतल्या मुलाचा आवाज कसा आहे हे वर्षअखेरपर्यंत आम्हांस ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी वाद्यवृंदातले सर्व वादक आपापली वाद्ये एका सुरात मिळवतात. तो सूर कोण देतो? बहुधा ओबो. सर्वांत मोठा आवाज त्याचा नाही, संख्येने तर ती दोन-तीनच असतात. तरी शेकडा तारा त्या एका सुरावर ताणल्या जातात. आमच्या प्रभूनेही मोठे कोण असा वाद घालणाऱ्या शिष्यांपुढे एका बालकाला मध्ये उभे केले, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आपण वाचतो. मंडळीने आपला सूर कोणावर मिळवायचा, हे त्याने त्या दिवशी दाखवून दिले.

२. मिरवणूक थांबली पाहिजे

यरीहोहून निघालेली ती मिरवणूक आठवा. पुढे येशू, बरोबर शिष्य, मागे मोठा समुदाय, आणि वाट यरुशलेमेची. वाटेच्या कडेला तीमयाचा मुलगा बार्तिमय, आंधळा भिकारी, बसला होता. त्याला काही दिसत नव्हते. त्याच्यापाशी होता तो केवळ आवाज. तो ओरडू लागला, तेव्हा पुष्कळांनी त्याला गप्प राहण्यास धमकावले. ती माणसे वाईट नव्हती. ती येशूच्या मागे चाललेली माणसे होती. त्यांना वाटले, प्रभू मोठ्या कामाला निघाला आहे, वाटेत हा गोंधळ कशाला?

आणि मार्क सांगतो की येशू थांबला.

वाचकहो, या ठिकाणी आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगताना आनंद होत नाही.

आमच्या रविवार शाळेत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा आवाज मोठा, आणि वरच्या पट्टीत गेला की फाटत असे. पण गाण्याची हौस एवढी की पहिल्या ओळीपासून शेवटच्या आमेनपर्यंत तो सर्वांच्या वर गात असे. मंडळीच्या वर्धापनदिनाला बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. सरावाच्या वेळी आम्ही त्याला बाजूला घेऊन म्हणालो, “तू जरा हळू म्हण हं. नुसते ओठ हलवलेस तरी चालेल.” त्याने मान हलवली. कार्यक्रम फार चांगला झाला. पाहुण्यांनी मुलांच्या गायनाची वाखाणणी केली, आणि बॅनर घेऊन मंडळी गावातून मिरवत गेली.

त्यानंतर तो मुलगा दोन रविवार आला, मग येईनासा झाला. त्याच सुमारास त्याचे वडील आजारी पडून वारले. तो एका गाडीदुरुस्तीच्या गॅरेजात कामाला लागल्याचे कानावर आले. आम्ही अंत्यविधीला गेलो होतो, प्रार्थना केली होती. पुढे हजेरीपटात त्याच्या नावापुढे फुल्या पडत गेल्या. तो आमच्या शब्दाने दुखावून गेला की घरच्या अडचणीने, हे आम्ही त्याला कधी विचारले नाही.

डिसेंबर आला. नाताळच्या गायनफेरीला निघालो असता रात्री अकराच्या सुमारास आम्ही त्या गॅरेजावरून चाललो होतो. शटर अर्धे खाली होते, आत दिवा नव्हता. रस्त्याने चालता चालता मुले गात होती. दुसरे कडवे सुरू झाले आणि आतून, अंधारातून, कुणीतरी आमच्याबरोबर गाऊ लागले. वरच्या पट्टीत आवाज फाटला. आम्ही तो तत्काळ ओळखला. आमच्या शेजारी चालणाऱ्या बंधूंनी आमच्याकडे पाहिले. अजून नऊ घरे राहिली होती, लोक करंज्या आणि चहा घेऊन जागे बसले होते. आम्ही मनात म्हणालो, उद्या भेटू. आणि फेरी पुढे गेली.

तो ‘उद्या’ मे महिन्यापर्यंत आला नाही. आणि आला तोही एका लहान मुलीने टीव्हीपुढे बसून प्रश्न विचारला म्हणून.

गोष्टीतला पीटर शूर आहे. लांडग्याला तो धरतो, शिकाऱ्यांना थांबवतो. पण फाटक उघडे टाकले होते ते त्यानेच, आणि त्या उघड्या फाटकातूनच बदक बाहेर पडले होते. मिरवणुकीच्या अग्रभागी चालणाऱ्याला हे आठवत नाही. आम्हांलाही आठवले नव्हते. मंडळीच्या मिरवणुका वाईट नव्हेत. वर्धापनदिन व्हावेत, बक्षीस समारंभ व्हावेत, नाताळात गल्लोगल्ली गाणी गुंजावीत. पण ज्या मिरवणुकीला थांबता येत नाही, तिच्या अग्रभागी येशू नाही, एवढे यरीहोच्या वाटेवर स्पष्ट झाले आहे.

मार्क पुढे आणखी एक गोष्ट सांगतो, आणि तिथे आम्हांस धीर मिळतो. येशू थांबला खरा, पण तो स्वतः बार्तिमयाकडे गेला नाही. त्याला बोलवा, असे त्याने सभोवतालच्या लोकांना सांगितले. म्हणजे ज्यांनी गप्प केले होते, त्यांच्यातल्याच लोकांवर बोलावण्याचे काम आले. आणि लोकांनी जाऊन त्या आंधळ्याला धीर धरून उठायला सांगितले. प्रभू अपराध्याला त्याच्याच अपराधाच्या जागी परत पाठवतो, पण आता तोंडात निराळा शब्द देऊन.

सोमवारी संध्याकाळी आम्ही त्या गॅरेजात गेलो. तो एका गाडीखालून बाहेर आला आणि चिंधीला हात पुसत उभा राहिला. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग त्यानेच विचारले, “सर, नाताळात तुम्ही इथून गेलात तेव्हा मी आतून म्हणत होतो. तुम्हाला ऐकू आलं नसेल ना?”

त्याने आम्हांला पळवाट काढून दिली होती. हो म्हणणे फार सोपे होते. आम्ही म्हणालो, “ऐकू आलं होतं. तुझाच आवाज आहे हेही कळलं होतं. आम्ही थांबलो नाही. आमची चूक झाली.”

तो काही बोलला नाही. आतल्या पोऱ्याला हाक मारून त्याने दोन कप चहा सांगितला.

३. पोटात उतरलेला प्रभू

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बदकाचे काय झाले?

मोठ्या माणसांना हा प्रश्न सोसत नाही. १९४६ साली वॉल्ट डिस्नेच्या संस्थेने या गोष्टीचा चित्रपट केला. त्यात शेवटी बदक मेलेले नाही, लांडग्याने ते गिळलेच नव्हते, असे दाखवले आहे. मुलांना वाईट वाटू नये म्हणून केलेला तो बदल असेल, त्यांना दोष देत नाही. आम्हीही मुलांच्या प्रश्नांना पुष्कळदा अशीच उत्तरे देतो. वडील गेले? रडू नकोस, सगळे ठीक होईल. घरात भांडणे? प्रार्थना कर म्हणजे झाले. लांडग्याने गिळलेच नाही असे सांगून टाकतो आणि मिरवणूक पुढे नेतो.

पण लांडगा गिळतो. ही गोष्ट ज्यांनी मागून घेतली, त्या बाईंच्याच आयुष्यात ते घडले. प्रोकोफिएव्हना ही रचना करायला सांगणाऱ्या बाई म्हणजे मॉस्कोच्या बालरंगभूमीच्या संचालिका नातालिया साट्स. २ मे १९३६ रोजी रचनेचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, साट्सबाईंना अटक झाली. ते स्टालिनच्या राजवटीचे दिवस होते. त्यांचे यजमान सरकारात मंत्री होते. त्यांना देशद्रोही ठरवण्यात आले आणि १९३८ साली गोळी घालण्यात आली. त्यांची पत्नी एवढ्याच कारणावरून बाईंची पाच वर्षे बंदिवासात गेली. बाहेर मिरवणुका चालूच होत्या. सुटल्यावर त्या कझाकिस्तानात गेल्या आणि तिथे त्यांनी मुलांसाठी रंगभूमी उभी केली. १९६५ साली मॉस्कोत त्यांचे मुलांचे संगीत नाट्यगृह सुरू झाले. आणि उतारवयापर्यंत हीच बदकाची गोष्ट त्या स्वतः मुलांना सांगत राहिल्या. त्या आमच्या विश्वासाच्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. पण लांडग्याच्या पोटातला तो सूर ऐकवताना त्यांच्या मनात काय येत असेल, हा विचार आल्यावाचून राहत नाही.

पवित्र शास्त्र या प्रश्नाला बगल देत नाही. योनाला माशाने गिळले, असे ते सरळ सांगते. योना आतूनच प्रार्थना करतो, आणि परमेश्वर ती ऐकतो. हागारेचा मुलगा रानात झुडपाखाली टाकलेला असतो. उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात आपण वाचतो की देवाने त्या मुलाचा आवाज, तो जेथे होता तेथूनच, ऐकला. आधी देवळात ये, आधी सूर नीट लाव, आधी अंगावर चांगले कपडे घाल, अशी अट त्याने घातली नाही.

आणि आमच्या प्रभूने योनाची ती खूण स्वतःला लावून घेतली. योना जसा तीन दिवस माशाच्या पोटात होता, तसा मनुष्याचा पुत्र पृथ्वीच्या उदरात राहील, असे त्याने शास्त्री व परूशी यांना सांगितले. सुवार्तेचे मर्म येथे आहे. बाहेर उभे राहून पोटातला आवाज ऐकणारा देव एवढेच आपणांस सांगायचे नाही. मरणाने ज्यांना गिळले त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तो स्वतः गिळला गेला, आणि तिसऱ्या दिवशी मरणाला त्याला सोडावे लागले. म्हणून आता असे कुठलेही पोट उरले नाही, जिथे गेलेल्या लेकराला सांगावे लागेल की प्रभू तिथे कधी आला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला उत्तर दिले. म्हणालो, “त्या गोष्टीत बदक आतच राहतं. गोष्ट लिहिणाऱ्याने त्याला बाहेर काढलं नाही. पण येशूला आतला आवाज ऐकू येतो, आणि तो आत जातो. आपल्याला मात्र थांबायला शिकवायचं काम त्याला अजून करावं लागतंय.” तिने थोडा विचार केला आणि विचारले, “मग आपण बदकाकडे कधी जायचं?”

रविवार शाळेच्या शिक्षकांस

आपल्या हाती मोठा वाद्यवृंद नसेल, टीव्हीही नसेल. पण हजेरीपट प्रत्येक वर्गात आहे. या महिन्यात तो एकदा घरी न्यावा आणि सावकाश वाचावा. प्रत्येक नावापाशी थांबून त्या मुलाचा आवाज आठवतो का ते पाहावे. ज्याचा आठवत नाही, त्याला येत्या रविवारी काहीतरी वाचायला द्यावे, आणि आपण गप्प राहून ऐकावे. ज्याच्या नावापुढे सलग चार फुल्या असतील, त्याच्याकडे पत्र किंवा निरोप न पाठवता स्वतः जावे; बरोबर वर्गातले एखादे मूल न्यावे. मुलाला त्या घरी जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. आणि वर्धापनदिनाच्या गायनात ओठ हलवण्यापुरते कोणालाही उभे करू नये, ही विनंती आम्ही आमच्या अनुभवावरून करतो.

तो मुलगा मंडळीत परत आला का, असे आपण विचाराल. नाही. रविवारी दुपारपर्यंत गॅरेज चालू असते आणि घरचा भार त्याच्यावर आहे. हजेरीपटात त्याच्या नावापुढे आजही फुलीच पडते. पण गुरुवारी रात्री शटर खाली आल्यावर आम्ही आणि वर्गातली दोन-तीन मुले तिथे जातो. ती लहान मुलगी आपल्या आईबरोबर येते. एक छोटा शास्त्रपाठ होतो, आणि एक गीत. वरच्या पट्टीत त्याचा आवाज अजून फाटतो. पेटीवाले बंधू आता पट्टी थोडी खाली घेतात, आणि बाकीची मुले त्याच्या सुरात आपला सूर मिळवतात.

प्रार्थना : हे प्रभू येशू, यरीहोच्या वाटेवर तू थांबलास, आम्ही थांबलो नाही, आम्हांस क्षमा कर. ज्यांना आम्ही गप्प केले त्यांच्याकडे तू आम्हांलाच पाठव, आणि जाताना धीराचा शब्द आमच्या मुखी घाल. आमच्या वर्गातल्या प्रत्येक लेकराचा आवाज आम्हांस ओळखू येऊ दे. आणि जे अंधारातून गात आहेत, त्यांना तुझी सोबत आजच्या रात्री कळू दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.